प्राध्यापकांचा दृष्टिकोन विचारताय, तर वर्कलोडही विचारा

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा गुगल फॉर्म येतो. पाठवणारा कुणीतरी पीएच.डी. किंवा एम.एड. करणारा असतो आणि खाली ‘पाच मिनिटं काढून भरावा ही विनंती’ असं लिहिलेलं असतं. विषय ठरलेला: ऑनलाइन शिक्षणाच्या तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा प्राध्यापकांचा दृष्टिकोन. ‘ऑनलाइन साधनं वापरणं मला सोपं वाटतं.’ ‘त्यांमुळे माझं अध्यापन अधिक परिणामकारक होतं.’ प्रत्येक वाक्यासमोर पाच गोल, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत. मी फॉर्म भरतो, कारण पाठवणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं काम अडू नये. पण दर वेळी मधल्या गोलावर बोट ठेवून थांबतो. मला जे सांगायचं असतं ते त्या पाच गोलांत कुठेच बसत नाही.

पंचवीसेक वर्षं मी गोव्यात पदवीच्या मुलांना मराठी शिकवतो आहे. या काळात ‘प्राध्यापकांची मानसिकता बदलायला हवी’ हे वाक्य मी इतक्या कार्यशाळांत ऐकलं आहे की आता त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं. ज्यांची मानसिकता बदलायची म्हणतात तेच प्राध्यापक बँकेचे व्यवहार फोनवर करतात, मुलांचे अंतर्गत गुण पोर्टलवर भरतात, परदेशात असलेल्या मुलीशी रोज रात्री व्हिडिओवर बोलतात. मग वर्गाशी संबंध आला की हीच माणसं का आखडतात? याचं कारण आपण त्यांच्या मनात शोधतो. ते त्यांच्या नेमणुकीच्या कागदात आणि वर्गातल्या भाषेत सापडेल, असं माझं म्हणणं आहे.

या प्रश्नावल्यांचं मूळ बरंच जुनं आहे. १९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने मांडलं की एखादं तंत्रज्ञान माणूस स्वीकारतो की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ते आपल्या कामाला उपयोगी वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. आयबीएमच्या टोरांटो इथल्या प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि बॉस्टनमधले एमबीएचे विद्यार्थी यांना ई-मेल, मजकूर संपादन, आलेख काढणं अशा प्रणालींबद्दल विचारून त्यांनी हे तपासलं. संशोधन भक्कम होतं, म्हणूनच टिकलं. पण कचेरीतल्या माणसाला ई-मेलचा उपयोग झाला की नाही हे त्याचं त्याला कळतं. शिक्षकाच्या कामाचा उपयोग दुसऱ्याच्या डोक्यात होतो, तोही कधी कधी सहा महिन्यांनी, परीक्षा संपल्यावर. तेव्हा ‘तुम्हाला उपयुक्त वाटतं का’ या प्रश्नाला प्रामाणिक शिक्षकाचं उत्तर ‘मुलांचे चेहरे दिसले तर सांगतो’ असंच येणार.

ते चेहरे २०२० मध्ये गेले. त्या पावसाळ्यात मी बा. भ. बोरकरांची कविता फोनच्या पडद्याकडे बघून शिकवली. समोर काळ्या चौकटी आणि त्यांत नावांची आद्याक्षरं. कवितेत थांबायचं असतं. ओळ म्हणून झाली की ती आत उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो. पडद्यावर मी थांबलो की चॅटमध्ये मजकूर यायचा, ‘सर, आवाज येना.’ मुलांना वाटायचं नेट गेलं. तिसऱ्या-चौथ्या तासाला मी थांबणं सोडून दिलं आणि सलग बोलू लागलो. त्या दिवशी माझ्या शिकवण्यातलं काहीतरी गेलं ते मला कळलं होतं, पण तास घेतल्याची नोंद तर झालीच पाहिजे होती. सांगे, सत्तरी या तालुक्यांतली मुलं रेंजसाठी डोंगर चढतात अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत होत्या. माझ्या वर्गातला एक मुलगा गावाबाहेरच्या माळावर छत्री घेऊन बसायचा आणि वारा सुटला की ‘सर, रेंज ना’ एवढंच लिहून गायब व्हायचा. त्याची हजेरी मी लावत होतो. ती लावणं योग्य की अयोग्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी जे झालं त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणूच नये, ते संकटात केलेलं तात्पुरतं दूरस्थ अध्यापन होतं, असं काही शिक्षणतज्ज्ञांनी त्याच वर्षी बजावलं होतं. ते बरोबर होतं. पण आमच्यातल्या अनेकांना ऑनलाइनची पहिली ओळख झाली ती याच रूपात, आणि पहिली ओळख पुसली जायला वेळ लागतो. आज एखादे सर किंवा मॅडम ‘नको ते ऑनलाइन’ म्हणतात तेव्हा त्यांना काळ्या चौकटी आठवत असतात.

खरी अडचण मात्र त्याहून खोल आहे आणि ती गोव्याची स्वतःची आहे. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी आणि महाविद्यालयात तर सगळंच इंग्रजी. कुठल्याही महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासाला दाराबाहेर उभे राहून ऐका. व्याख्या इंग्रजीत सांगितली जाते. मग शिक्षकाला तिसऱ्या बाकावरचा गोंधळलेला चेहरा दिसतो आणि तो कोकणीत येतो. बाजारातल्या बांगडा माशांचा भाव सकाळी किती असतो आणि दुपारी किती उतरतो हे विचारतो, मुलं उत्तर देतात, आणि मागणी-पुरवठा तिथे कळतो. पुन्हा इंग्रजी सुरू होतं, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे. मराठीच्या वर्गातही तेच, फक्त उलट्या दिशेने: ओवीचा अर्थ मराठीत सांगता सांगता मी कोकणीत जातो आणि परत येतो. आमच्या मुलांचं समजणं या ये-जा करण्यात होतं.

कॅमेरा लागला की ही ये-जा बंद पडते. मी स्वतः हे अनुभवलं आहे आणि सहकाऱ्यांतही पाहिलं आहे. रेकॉर्डिंग कायमचं राहणार, कुणीही बघणार, उद्या कुणी वरिष्ठ बघतील, म्हणून शिक्षक ताठ होतो. सभेत बोलावं तसं बोलू लागतो. बांगडे जातात आणि व्याख्या उरते. नंतर तो स्वतःचा व्हिडिओ बघतो तेव्हा त्यात त्याला स्वतःचा वर्ग दिसत नाही. मग फॉर्ममध्ये तो ‘असहमत’ भरतो आणि संशोधक लिहितो की शिक्षकांमध्ये अनास्था आढळली.

गोव्याला हा अनुभव नवा नाही. भारतातला पहिला छापखाना इथेच आला, १५५६ साली. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. त्या काळचं सर्वांत नवं शिक्षणतंत्र आपल्या दारात मुंबई-पुण्याच्या कितीतरी आधी होतं. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातल्याच रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. देशी लिपीत छापावं अशी स्टीफन्सची इच्छा होती, पण त्या लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नव्हते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही छपाई थांबली आणि गोव्यात पुन्हा छापखाना चालू झाला तो १८२१ साली. मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं ते त्याआधी १८०५ मध्ये, तेही दूर बंगालात, श्रीरामपूरला. यंत्र सर्वांत आधी आमच्याकडे आलं. त्यात आमची अक्षरं बसवण्याची खटपट पुरी झाली नाही आणि यंत्राचा आम्हाला व्हायचा तो उपयोग झाला नाही. त्या काळी कुणी गावातल्या पंतोजीला विचारलं असतं की छपाईबद्दल तुझा दृष्टिकोन काय, तर त्याने काय सांगितलं असतं? ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर, जिथले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, मी एखादा विषय मुलांसाठी शोधतो तेव्हा मला ते खिळे आठवतात.

आता वर्कलोड, म्हणजे शिक्षकाच्या वाट्याला येणारे शिकवण्याचे तास. ज्याला महाविद्यालयाच्या आतलं माहीत नाही त्याला हा शब्द रुक्ष वाटेल, पण स्टाफरूममध्ये सर्वाधिक बोलला जाणारा शब्द हाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४. विषयाचे तास भरले तर पद राहतं. तास कमी पडले की पद धोक्यात येतं आणि कुणी निवृत्त झाल्यावर ते भरलंच जात नाही. आता यात स्वयं आणून ठेवा. २०१६ च्या नियमांत विद्यार्थ्याला २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंवरून करता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा एका सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांवर नेली. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे साधारण आठवड्याचे चार तास. एका छोट्या विभागातले दोन पेपर तिकडे गेले तर आठ तास गेले, म्हणजे अर्धा माणूस गेला. मराठी, कोकणी, हिंदी, तत्त्वज्ञान, इतिहास या विषयांच्या विभागांत मुळात माणसं दोन किंवा तीन. तिथल्या शिक्षकाला ‘तुम्ही ऑनलाइन अभ्यासक्रमांचं स्वागत करता का’ असं विचारणं म्हणजे तो ज्या फांदीवर बसला आहे ती त्यालाच कापायला सांगण्यासारखं आहे.

लेक्चर बेसिसवर काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. शिकवलेल्या तासाचेच पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, पण तंत्रज्ञान सर्वांत चांगलं याच तरुण मुलामुलींना येतं. त्यांनी आमची स्लाइड्स सुधारून दिली आहेत, आमचे आवाज कापून-जोडून दिले आहेत. कौशल्याचा अभाव हेच कारण असतं तर ही मंडळी आनंदाने पुढे आली असती. पण जो सर्वांत चांगला व्हिडिओ करतो तोच त्या व्हिडिओमुळे सर्वांत आधी घरी बसू शकतो, हे त्यांना कळतं. आमच्याकडच्या एका तरुण सहकाऱ्याने मला स्वच्छ विचारलं होतं: ‘सर, हांवें एकदां रेकॉर्ड करून दिलें, मागीर म्हाका कित्याक आपयतले?’ एकदा रेकॉर्ड करून दिलं की मग मला कशाला बोलावतील? मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान कुणाच्या मालकीचं, करणाऱ्याने नोकरी सोडल्यावर ते वापरायचं का, अभ्यासक्रम बदलला तर ते मागे घ्यायचं का, हे त्याच्या हातात दिलेल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

बढतीच्या गुणांची गोष्टही इथेच सांगतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत चार क्रेडिटचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चारही भागांसह (व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या आणि चर्चा) तयार केला तर २० गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाकडून पुस्तक काढलं तर १०. म्हणजे सरकारला हे काम महत्त्वाचं वाटतं, आणि ते चांगलंच आहे. पण हे गुण तयार करण्याचे आहेत. त्या चार भागांत एक चर्चेचा असतो, जिथे मुलं प्रश्न विचारतात आणि शिक्षक उत्तर देतो. हा भाग सर्वांत अवघड, सर्वांत वेळखाऊ आणि शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. रात्री नऊला बसून पंधरा मुलांच्या शंकांना लिहिलेली उत्तरं आठवड्याच्या १६ तासांत कोण मोजतं? माझ्या माहितीत कुणीही नाही. व्हिडिओची संख्या मोजता येते आणि मूल्यांकनाच्या फाइलमध्ये तिचा स्क्रीनशॉट लावता येतो, म्हणून व्हिडिओ होतात.

आपल्या बाजूचं बोलताना आपली खोटही सांगायला हवी. आमच्यातले काही जण वीस वर्षांपूर्वीच्या वह्यांतून नोट्स सांगतात आणि मुलं त्या उतरवून घेतात. त्यांच्या तोंडी ‘वर्गातला जिवंत संवाद’ हे शब्द आले की मला लाज वाटते. जिथे एकच मजकूर दर वर्षी त्याच आवाजात सांगितला जातो, तिथे रेकॉर्डिंग कधीच झालेलं आहे, फक्त यंत्र बसवायचं राहिलं आहे. अशा तासापेक्षा एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातलं एखादं चांगलं व्याख्यान मुलांनी घरी ऐकलेलं बरं. काहींना तर पोर्टलवर गुण भरणंही दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं आणि ते शिकायची त्यांची तयारी नसते. त्याला तत्त्वाचा मुलामा देऊ नये. पण या थोड्यांवरून सगळ्यांचं मोजमाप करणं अन्यायाचं आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ उपक्रम सुरू केला तेव्हा आपल्याच महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी आपल्याच अभ्यासक्रमावर व्याख्यानं रेकॉर्ड करून दिली. आज ती यूट्यूबवर कुणालाही बघता येतात. बाहेरून आणलेल्या तयार मालापेक्षा ही दिशा मला कितीतरी बरी वाटते. शिक्षक तयार नव्हते असं म्हणणाऱ्यांनी ती व्याख्यानं उघडून बघावीत.

ऑनलाइनच्या बाजूने जगभर जो मोठा युक्तिवाद आहे तो अंतराचा. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी प्रणाली ज्याने २००२ मध्ये आणली तो मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढला आणि लहानपणी रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत शिकला. शेकडो किलोमीटरवर शाळा नसेल तर आवाज घरी आणावाच लागतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. वाळपईहून निघालेली मुलगी कदंबच्या बसने साखळीला किंवा फोंड्याला महाविद्यालयात पोहोचते, काणकोणचा मुलगा मडगावला पोहोचतो. जिथे बस वेळेवर नाही तिथे आधी बस हवी. तिथे इंटरनेटचा डोंगर चढायला लावणं हा मला उपाय वाटत नाही. अंतर हे आपलं कारण नसेल तर आपलं कारण काय, हे ठरवल्याशिवाय प्राध्यापकांकडे उत्साह मागू नये.

माझ्या मते गोव्याला ऑनलाइनची गरज आहे ती छोट्या विभागांसाठी. एका महाविद्यालयात टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, मराठीला सहा मुलं, दुसरीकडे नऊ, तिसरीकडे चार. एका ठिकाणी संतसाहित्य मनापासून शिकवणारी मॅडम आहे, दुसरीकडे भाषाविज्ञानाचा जाणकार आहे, आणि दोघंही आपल्याला फारसं येत नसलेले पेपर शिकवत बसले आहेत, कारण तिथे दुसरं कुणी नाही. तीन महाविद्यालयांतल्या एकोणीस मुलांचा एकच वर्ग पडद्यावर आठवड्यातून दोनदा भरला आणि महिन्यातून एकदा सगळी एका ठिकाणी बसने आली, तर त्या एकोणीस मुलांना वर्ग म्हणजे काय ते कळेल. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला, त्यातही समोरासमोर आणि ऑनलाइन यांचं मिश्रण सरस ठरलं होतं. आणि त्याच अहवालात सावधगिरीही होती: मिश्र वर्गांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेलं होतं, तेव्हा श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही. आपल्याकडे ऑनलाइनची चर्चा वेळ आणि माणसं वाचवण्याच्या सुरात चालते. फायदा दिसला होता तो वेळ वाढवल्यावर.

अशा एकत्र वर्गाचे तास तिन्ही शिक्षकांच्या वर्कलोडमध्ये पूर्ण धरले पाहिजेत. तसा लेखी आदेश असल्याशिवाय कुठल्याही प्राचार्याला तो धोका पत्करता येणार नाही आणि कुठलाही शिक्षक त्यात मनापासून उतरणार नाही. सोबत दुसरं एक वाक्य लिहावं: रेकॉर्डिंग कधी, कुठे, किती वर्षं वापरायचं हे ते करणाऱ्याच्या संमतीने ठरेल, आणि ते वापरल्यामुळे कुणाचे तास कापले जाणार नाहीत. तिसरं, कॅमेऱ्यासमोर कोकणी-मराठीत समजावून सांगण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी. ही तीन वाक्यं पैशांत फार महाग नाहीत. स्मार्ट बोर्डपेक्षा तर नक्कीच स्वस्त आहेत.

टाळेबंदी संपल्यावर मी एकच गोष्ट पुढे चालू ठेवली. मुलांनी उत्तर लिहून आणण्याऐवजी दोन मिनिटं बोलून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. हे मला कुणी कार्यशाळेत शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका मुलीने, जी दोन वर्षं माझ्या वर्गात एक शब्द बोलली नव्हती, लोकगीतांच्या पाठानंतर आपल्या आजीचा आवाज पाठवला. पौषात त्यांच्या मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात, बायका धालो या नाचाला म्हणतात ती गीतं, मध्ये आजीचं खोकणं, मागे कोंबडा. शेवटी त्या मुलीच्या आवाजात शब्दांचे अर्थ, अडखळत, आधी कोकणीत आणि मग मराठीत. मी ते वर्गात लावलं. सगळ्यांनी ऐकलं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी चार आज्या आल्या. आता माझ्याकडे तीसेक गीतं आहेत, मुलांनी स्वतः उतरवून घेतलेली. पुढच्या वर्षी दोन शेजारच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या मुलांबरोबर ती एकत्र अभ्यासायची असं आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवलं आहे. शनिवारी दुपारी, टाइमटेबलच्या बाहेर, कारण आत धरायला अजून आदेश नाही.